कलमाचा डोळा

ता. वरुड, जि. अमरावती
मृग लागून तिसरा दिवस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

अक्षय तृतीयेला तू आली होतीस. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून तू मला विचारलंस, "बाबा, बाजारातल्या कंपन्यांवर मत लिहायचं काम सोडून प्रायव्हेट इक्विटीत, बाजारात नसलेल्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडात, जाऊ का?" आणि मी म्हणालो, "तुझं तू पाय." तू काही बोलली नाहीस, उठून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी वरुडच्या स्टँडवर बसमध्ये बसेपर्यंत तू तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. ते माझं बोलणं मला महिनाभर सलत आहे. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून तसं तोंडातून गेलं. पण लेकीनं विचारल्यावर बापानं निदान विचार तरी करायला हवा. तो मी केला. तू सांगितलेलं आठवून वहीत उतरवलं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०१२ चे त्या फंडांचे नियम शेजारच्या पोराकडून छापून आणले आणि अर्थ लागला नाही तिथं दोन-दोनदा वाचले. एकतीस वर्षं कास्तकारांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचा गटसचिव होतो, कागद वाचायचा कंटाळा मला नाही.

घरात तुझ्या निर्णयाची चर्चा रोजच आहे. तुझी आई म्हणते, "पगार कमी होऊन राहिला, त काऊन जाते म्हना ती?" तुझ्या भावाला वाटतं, बाजार पडणार हे तुला आधीच कळलं म्हणून तू निघालीस. मला ते दोन्ही खरं वाटत नाही. मला विचारण्याआधी तू त्या रात्री एक वाक्य बोलली होतीस, ते मी विसरलो नाही. "अकरा वर्षं बांधावर उभी राहून दुसऱ्याचं पीक कसं आहे ते सांगितलं, बाबा. एकदा तरी वावरात उतरायचं आहे." तुझं कारण हे आहे आणि ते मला पटतं.

पण ताई, बांधावरून पीक ओळखणं हलकं काम नाही, ते सोडताना तू काय सोडतेस हे नीट पाहून घे. तुझं आजवरचं काम मी बाजार समितीच्या जागी धरतो. माल आला, ढीग लागला, हर्रास झाला, भाव फुटला, काटा झाला, पट्टी हातात. भाव पटला नाही तर माल गाडीत भरून परत आणायची मुभा. तुमच्याकडे तर त्याहून चोख. २०२३ च्या जानेवारीपासून विकलेल्या शेअरचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. कंपनीबद्दल तुझं मत चुकलं तर तू ते लिहून मोकळी होऊ शकतेस, फंड मॅनेजर सकाळी विकून दुपारी दुसरं घेऊ शकतो. रोजचा भाव माणसाला घाबरवतो हे खरं, पण तोच रोज दारही उघडून देतो.

ते दार मी एकदा स्वतःच्या हातानं बंद ठेवलं. २०२१ ची गोष्ट. आदल्या हंगामाचं अठरा पोती सोयाबीन मी ठेवून दिलं होतं. ऑगस्टात भाव दहा हजारांच्या घरात गेला. रोज मोबाईलवर भाव यायचा, रोज मी तो तुझ्या आईला वाचून दाखवायचो आणि रोज म्हणायचो, अजून थोडं थांबू. त्याच महिन्यात सरकारनं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. दसऱ्याच्या सुमाराला नवा माल बाजारात आला तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास होता. डिसेंबरच्या २० तारखेला सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, तेव्हा तूच फोनवर मला त्याचा अर्थ समजावून सांगितला होतास. त्या नुकसानीचा दोष मी कोणाला देत नाही. बाजारानं मला विकायला पुरे दिवस दिले होते, मी विकलं नाही.

आता तू जिथं चाललीस तिथं असे दिवस मिळत नाहीत. तिथलं गणित संत्र्याच्या बागेचं आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

नाल्याकडची बाग आपण २०१४ च्या पावसाळ्यात लावली. तू नोकरीवर रुजू व्हायच्या आधी महिनाभर घरी होतीस. त्या वर्षी पाऊस लांबला होता. वीस बाय वीस फुटांवर दोरी धरून तू फक्कीच्या खुणा टाकल्यास, दोन एकरांत दोनशे पंधरा खड्डे आले. तुझी नोकरी आणि ती बाग एकाच वयाची आहे. रोपं मी एका रोपवाटिकेतून आणली होती, नाव लिहीत नाही. दुसरीकडच्यापेक्षा रोपामागे थोडे पैसे कमी पडले. पानं हिरवीगार, शेंडा जोमदार, मापात सारखी. मी खूश होऊन गाडी भरली. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तो जमिनीपासून निदान वीतभर उंच पाहिजे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी बसून एकेका रोपाचा डोळा पाहिला नाही. तो चार बोटांवर होता. लावताना माती ओढली, पुढं मशागतीत आणखी ओढली गेली आणि डोळा मातीत गेला.

सहा वर्षं काही कळलं नाही. झाडं वाढली, छान दिसत होती. लोक रस्त्यावर थांबून बाग पाहायचे. पहिला बहार घेतला आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एका झाडाच्या बुंध्याशी मला ओल दिसली. बोट लावलं तर चिकट. सालीला उभी चीर आणि त्यातून मधासारखा डिंक. मी विळ्यानं साल खरवडली तर आत तपकिरी, सडका वास. डिंक्या, डोळा मातीत गेला की बुंध्याला लागणारी सड. बोर्डो पेस्ट लावली, चर खणून पाणी काढलं, जे करायचं ते सगळं केलं. तरी आजपर्यंत सत्तर झाडं गेली. सहा वर्षं पाणी दिलं, खत दिलं, रात्रीच्या लायनीला उठून मोटर चालू केली आणि जे व्हायचं ते पहिल्या दिवशी रोपवाटिकेतच ठरलं होतं. रोप बाजारचा माल नव्हता की दुसऱ्या दिवशी परत द्यावं.

तुमचं ड्यू डिलिजन्स, पैसे घालण्याआधीची तपासणी, म्हणजे मला हेच समजलं. आजवर तू कंपनीची पानं पाहून सांगत होतीस, कारण सगळ्यांना पानंच दिसतात. तिमाहीचे आकडे, वार्षिक अहवाल, मालकांचं फोनवरचं बोलणं. त्याच्या आतलं काही कानावर आलं तर ते वापरणं गुन्हा, त्याचे २०१५ चे नियम तू मला मागे सांगितले होतेस. तिकडं उलट आहे. गुप्ततेच्या कागदावर सही केली की मालक स्वतः खतावण्या उघडून देतो, मुळं उकरून पाहायला मिळतात. पण ध्यानात ठेव, मुळं दाखवणारा माणूस तोच ज्याला तुझे पैसे हवे आहेत. तो तुला चांगल्या ओळीतली झाडं दाखवील. तू म्हटलं पाहिजेस, मला नाल्याकडची ओळ पाहायची आहे.

आणि कागद बोलतो तेवढं सगळं खरं नसतं हे मी सोसायटीत शिकलो. मार्चअखेरीला आमच्याकडे नवं-जुनं व्हायचं. कास्तकाराजवळ भरायला पैसे नसायचे. तो बाहेरून एका दिवसाकरता पैसे आणायचा, जुनं कर्ज भरायचा, नवं कर्ज उचलायचा आणि बाहेरचे पैसे व्याजासकट परत करायचा. एकदा एक म्हातारा नोटांचा गठ्ठा घेऊन आला, त्याला सावकाराच्या हातचं रबर तसंच होतं. म्हणाला, "लवकर मोजा जी, उद्या दुपारपर्यंत वापस करा लागते." मी मोजले, पावती फाडली, वहीत वसूल लिहिलं. त्या वर्षी आमची वसुली कागदावर उत्तम होती. मला ठाऊक होतं की गावात कोणाकडे काही नाही. लिहिताना हात थरथरला होता, आजही आठवतं.

हे एवढ्यासाठी सांगतो की तू जाशील त्या फंडात कंपन्यांची किंमत रोज बाजार लावत नाही. ठरावीक काळानं मूल्यांकन होतं, किंवा दुसरा गुंतवणूकदार पुढच्या फेरीत जास्त भावानं आला की जुन्यांचीही किंमत वाढलेली लिहितात. ते खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. पण तो लिहिलेला भाव आहे, फुटलेला भाव नाही. बाजार वीस टक्के पडला आणि यांच्या कागदावर काहीच हललं नाही, तर ते कौतुकानं वाचू नकोस. म्हणून मुलाखतीत ते म्हणतील की आधीच्या फंडाचे शंभराचे अडीचशे झाले, तेव्हा तू विचार, त्यातले हातात परत किती दिले. पैसेवाल्यांच्या, म्हणजे फंडात पैसे घालणाऱ्यांच्या, खात्यात जे गेलं ते वसूल. बाकीचं नवं-जुनंही असू शकतं.

बाहेर पडण्याचंही असंच. तुझ्या आजोबांनी कधीकाळी एका सहकारी कारखान्याचे भाग घेतले होते. त्याचा दाखला अजून लोखंडी पेटीत आहे, तू लहानपणी त्यावरचा शिक्का पाहत बसायचीस. ते भाग विकता आले नाहीत, सभेत आजोबांचं कोणी ऐकलं नाही आणि कारखाना बंद पडला तो दिवसही त्यांना वर्तमानपत्रातून कळला. थोडा भाग घेऊन आत बसलेल्या माणसाच्या हातात काय असतं ते कागद आधी लिहून ठरवतो, नंतर नाही. मोठा मालक विकेल तेव्हा आपल्यालाही त्याच भावानं विकता येईल का, बोर्डावर आपलं कोण, कोणत्या गोष्टी आपल्या होकाराशिवाय होणार नाहीत. ही कलमं लिहायची विद्या तुला नाही, हे तूच म्हणालीस. मग ती शिकवणारा माणूस त्या फंडात आहे का ते पाहा. वकिलावर सोडून देणारा असेल तर तू तिथं शिकणार नाहीस.

टर्म शीटबद्दल, म्हणजे सौद्याच्या अटींच्या पहिल्या कागदाबद्दल, तू सांगत होतीस की तिच्यातलं बरंचसं बंधनकारक नसतं. मला हसू आलं नाही, कारण इसाराचं मला चांगलं ठाऊक आहे. व्यापारी झाडावरच बाग उक्ती घेतो, इसार देतो, आणि आपली संत्री घेणाऱ्या बांगलादेशानं त्यावरचा आयातकर वाढवला की तो तोडणीला येतच नाही. फोन लागत नाही. फळ झाडावर पिवळं होऊन गळतं. अशा दोन हंगामांत इथल्या कितीतरी घरांनी इसारावर लग्नं ठरवली होती. एकाच दारातून माल जाणार असेल तर ते दार दुसऱ्याच्या हातात आहे हे बाग लावतानाच धरून चालावं लागतं. शेअर बाजारात नोंदणी करून बाहेर पडू, असं प्रत्येक जण म्हणत असेल. तिथं मात्र तुझी अकरा वर्षं कामी येतील. बाजार कोणत्या कंपनीला काय भाव देतो, कधी ढुंकूनही पाहत नाही, हे त्या खोलीतल्या दुसऱ्या कोणापेक्षा तुला जास्त कळत असेल. हे तू कमी समजू नकोस. तू रिकाम्या हातानं जात नाहीस.

आता पगाराचं. मी तुझ्या आईला असं समजावलं की सालदाराला साल ठरवून मिळतं, पीक येवो न येवो. बटईवाल्याला पिकातला वाटा मिळतो. फंड चालवणाऱ्यांना दोन्ही मिळतं, वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास चालवण्याचे आणि नफ्यात साधारण वीस टक्के वाटा, ज्याला तुम्ही कॅरी म्हणता. पण आधी पैसेवाल्यांना वर्षाला ठरलेला परतावा, बहुतेक ठिकाणी आठ टक्के, पोचला पाहिजे. हे मी रात्री वहीवर मांडून पाहिलं. शंभराचे दोनशे पाच वर्षांत झाले तर वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के पडतात. तेच दोनशे व्हायला दहा वर्षं लागली तर सात टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे पैसे दुप्पट करूनही कॅरी शून्य. आपल्या बागेला पहिली सहा वर्षं फळ नव्हतं, मग डिंक्यानं दोन वर्षं खाल्ली. तेव्हा तू जो वाटा मनात धरला असशील त्यातून वर्षं वजा कर. आणि मधेच नोकरी सोडली तर आजवरच्या वाट्याचं काय, हे नेमणुकीच्या पत्रात शब्दानं लिहून घे. तोंडी कोणी कितीही गोड बोलो.

घराचा हप्ता नव्या पगारात बसतो का, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. जावयांना हे सगळं पटलं आहे ना? एक वर्षाचा हप्ता बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. कमी पडलं तर माझ्याजवळ थोडं आहे. ते मागायला तुला संकोच वाटेल म्हणून मीच लिहून ठेवतो.

नियमांत मला एक गोष्ट आवडली. असा फंड चालवणाऱ्यानं स्वतःचे पैसेही घालायचे आहेत, फंडाच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यातलं जे कमी असेल ते. त्याहून जास्त घातलेले असतील तर ती माणसं मला बरी वाटतील. ते विचारायला लाजू नकोस. आणि हा त्यांचा कितवा फंड, पैसे जमले की जमायचे आहेत, तुला कारखान्यात पाठवणार की पुन्हा खुर्चीवर बसवून आकडेच मांडायला लावणार. हे शेवटचं महत्त्वाचं. तुला वावरात उतरायचं आहे ना, मग त्यांनी गेल्या वर्षी तुझ्या हुद्द्याच्या माणसाला किती दिवस गिरणीत, किती दिवस ऑफिसात ठेवलं ते त्याच माणसाकडून ऐक.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. तू म्हणालीस हा फंड डाळ मिल, तेल गिरण्या, शीतगृहं अशा धंद्यांत पैसे घालतो. ते धंदे आपल्यासारख्या गावांतले. तुमचा फंड आठ-दहा वर्षांचा, घातलेल्या पैशाच्या हिशेबानं दोन तृतीयांश पैसेवाल्यांनी मान्यता दिली तर आणखी दोन वर्षं. त्यानंतर तुम्हाला विकावंच लागतं. मिलवाला मात्र ती आपल्या लेकराला देऊन जाईन या हिशेबानं बसलेला असतो आणि तिथल्या बायका वीस-वीस वर्षं डाळ निवडत असतात. तुमची मुदत त्याला पहिल्या भेटीत सांग. सौदा झाल्यावर कळली तर तो तुला कधी माफ करणार नाही आणि त्याचं बरोबर असेल. गटसचिव म्हणून मी वसुलीला ज्या घरांत गेलो, तिथं मला पाणी मिळालं ते एकाच कारणानं. कर्ज देताना मी कोणाला तारीख लपवून सांगितली नव्हती.

माझं मत विचारशील तर जा. मागच्या महिन्यात मी ते म्हणालो नाही, आता म्हणतो. तू माणसाशेजारी बसून राहू शकतेस, हे मी तुझ्या आजीच्या शेवटच्या वर्षात पाहिलं आहे. मुंबईहून दर पंधरवड्याला यायचीस, काही बोलणं नाही, नुसती पायांशी बसायचीस. त्या कामाला असं माणूस लागतं. भाव दिसत नसताना आठ वर्षं एका धंद्याजवळ थांबायचं, मिलवाल्याचा पोरगा भांडला तरी जायचं, यंत्र बिघडलं तरी जायचं. मला वाटतं तुला ते जमेल.

इकडचं बरं आहे. आंबिया बहाराचं फळ बोराएवढं झालं आहे, गळ यंदा कमी. विहिरीला पाणी आहे, पण मागच्या वर्षीपेक्षा दीड हात खाली. आईच्या गुडघ्याचं तेच.

दोन-तीन पाऊस चांगले झाले की नाल्याकडचे नांगे, मेलेल्या झाडांच्या जागा, भरायचे आहेत. सत्तर रोपं लागतील. शेंदुरजना घाटला दोन रोपवाटिका पाहून ठेवल्या, अजून इसार दिला नाही. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी काढलीस तर आपण दोघं जाऊ. माझी नजर आता जवळचं नीट धरत नाही, वाकून एकेका रोपाचा डोळा मोजायला कोणीतरी पाहिजे. येताना मोजायचा टेप घेऊन ये, इथला तुझ्या भावानं हरवला.

तुझा
बाबा